रोटाव्हेटर जोडायला तासभर जातो : मिनी ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटबद्दल अनुभव हवेत

वाळपईकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमची जमीन सत्तरीत, वाळपईपासून थोडी आत. तिघे भाऊ मिळून करतो. खाली भाताचे कुणगे, वर कुळागर (माड-पोफळीची बाग) आणि कडेने काजू. इतकी वर्षं पॉवर टिलरवर भागवलं. गेल्या वर्षी 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला, सोबत चार फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारं औजार. ट्रॅक्टरबद्दल काहीच तक्रार नाही. टिलरने चिखलणीला तीन दिवस जायचे, ते काम आता एका दिवसात होतं.

अडतं ते रोटाव्हेटर थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागचे खालचे दोन आर्म आणि वरचा टॉप लिंक यांना जोडताना. खोटं सांगत नाही, तासभर जातो. डावा आर्म बसला की उजवा दोन इंच वर राहतो. उजवा बसवला की डावा सुटतो. मग दोघांनी मिळून रोटाव्हेटर पहारीने उचलायचा, तिसऱ्याने ट्रॅक्टरवर बसून बोट-बोट मागेपुढे करायचं. वडील सत्तरी ओलांडलेले, तेही खांदा लावायला येतात आणि ते मला बघवत नाही. ट्रॅक्टर घेताना शोरूमच्या माणसाने हेच काम सिमेंटच्या फरशीवर पाच मिनिटांत करून दाखवलं होतं.

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचं बोट चेमटलं. पिनचं भोक जुळलं का बघायला त्याने बोट घातलं आणि त्याच वेळी ट्रॅक्टर थोडा सरकला. नख गेलं, हाड वाचलं. तेव्हापासून घरात सगळे त्या जोडणीला घाबरतात. पाऊस तोंडावर आहे, म्हणून इथे विचारतो.

जोडायचा नेमका क्रम काय? क्विक हिच म्हणून एक चौकट मिळते म्हणतात, ती घ्यावी का? आणि रोटाव्हेटर उचलताना एका ठरावीक उंचीवर तो फिरवणाऱ्या शाफ्टमधून 'ठक्क' असा आवाज येतो, तो कशाचा?

डिचोलीचा मेस्त

वाळपईकरबाब, आधी भावाची काळजी घ्या. त्याला एवढंच सांगा की भोकात बोट घालून बघायचं नाही, कधीच नाही. जुळलं का ते बघायला पिनच घालायची किंवा स्क्रू ड्रायव्हरचा दांडा. ट्रॅक्टर आणि औजार यांच्या मधे माणूस शिरायच्या आधी इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चावी खिशात. एकजण गाडीवर बसलाय आणि दुसरा मागे पिन धरून उभा, ही पद्धत आजपासून बंद करा. माझ्याकडे वर्कशॉपला येणाऱ्या बहुतेक चेमटलेल्या बोटांची गोष्ट हीच असते.

आता मला तीन गोष्टी सांगा. रोटाव्हेटर नेमका कुठे ठेवता? त्याला पुढे टेकू आहे का? आणि उजव्या आर्मवरचं लेव्हलिंगचं हँडल फिरतं का, की गंजून बसलंय?

वाळपईकर

मेस्तबाब, अंगणाच्या खाली आंब्याच्या बुंध्याशी ठेवतो. तिथे जागा थोडी उतरती आहे. स्टँड आला होता, पण तो कुठे गेला ठाऊक नाही. आता एका बाजूला दगड लावतो. हँडल आहे, पण आम्ही ते कधी फिरवलेलंच नाही. ते कामाच्या वेळी लेव्हल करायला असतं असं वाटलं होतं.

डिचोलीचा मेस्त

तर मग तुमचा तास आंब्याच्या बुंध्याशीच जातो. आता थोडं सविस्तर लिहितो, कारण दर मृगाला हाच प्रश्न दहाजण घेऊन येतात.

जोडणी सोपी होणार की कठीण, हे औजार सोडतानाच ठरतं. काम संपल्यावर माणूस दमलेला असतो, पाऊस लागलेला असतो. मग जिथे ट्रॅक्टर उभा राहिला तिथे रोटाव्हेटर टाकून पिना उपसायच्या. औजार उतारावर टाकलं की दोन दिवसांत एका अंगाला खचतं. आपली जमीन पावसात कशी मऊ होते ते तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर सपाटीवर, औजार वाकडं, मग दोन्ही पिना एका उंचीला येणार कशा? तुम्ही अडीचशे-तीनशे किलोचं लोखंड पहारीने सरळ करायला जाता. ट्रॅक्टरला ते काम करता येतं, त्याला संधी द्या.

म्हणून आधी जागा. चिरे पक्के बसवून एक ओटा करा, ट्रॅक्टर आणि औजार दोन्ही एकाच पातळीवर उभे राहतील एवढा. रोटाव्हेटर पुढच्या बाजूने स्टँडवर आणि मागून फळीवर टेकला पाहिजे, नुसत्या पात्यांवर नव्हे. स्टँड हरवला असेल तर वेल्डिंगवाल्याकडून दोन पाय करून घ्या, खर्च फार नाही.

आता क्रम. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, वाकड्या चाकाने नको. खालच्या दोन्ही आर्मचे बॉल (टोकाचे भोक असलेले गोळे) औजाराच्या पिनांच्या अगदी जवळ आले की थांबा. हायड्रॉलिकच्या लिव्हरने आर्म खाली-वर करून डाव्या बॉलची उंची डाव्या पिनेशी जुळवा. इंजिन बंद. उतरा. डावा आर्म पिनेवर सरकवा, तो निसटू नये म्हणून लिंच पिन (कडीची छोटी खीळ) लावा. डावा आधी का, तर बहुतेक ट्रॅक्टरांत डाव्या बाजूची उभी दांडी ठरलेल्या लांबीची असते आणि उजव्या बाजूची हँडलने लहान-मोठी होते. जी बाजू हलत नाही ती आधी बसवायची, मग जी हलते ती तिच्याकडे आणायची. तुमचा तो दोन इंचांचा फरक हँडलचे काही वेढे फिरवले की संपतो. तेवढ्यासाठी वडिलांचा खांदा लागत नाही.

तिसरा टॉप लिंक. त्याच्या एका टोकाला उलटे आणि दुसऱ्याला सुलटे आटे असतात, म्हणून मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. भोक जुळेपर्यंत नळी फिरवा. भोक जुळत नाही म्हणून हायड्रॉलिकने आर्म उचलून औजार ओढायला जाऊ नका. टॉप लिंक नसताना औजार उचललं तर ते दोन पिनांवर गरकन फिरतं, टायरवर नाहीतर माणसावर येतं.

सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओ या मागच्या फिरत्या दांड्याची ताकद औजाराला देणारा शाफ्ट. तो रोटाव्हेटरच्या बाजूला चढवलेलाच ठेवा आणि मोकळं टोक दोरीने वर टांगून ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर मागे घेताना मातीत रुतत नाही. ट्रॅक्टरकडचं टोक शेवटी बसवा, पीटीओ न्यूट्रलला ठेवून. लॉकची खुटी बाहेर आल्याचा 'टिक' ऐकू आला पाहिजे. तरी हाताने एकदा ओढून बघा.

सोडताना सगळं उलट. औजार टेकवा, इंजिन बंद, आधी शाफ्ट, मग टॉप लिंक, मग उजवा, शेवटी डावा.

शाफ्टच्या आवाजाबद्दल उद्या लिहितो, आता गिऱ्हाईक आलं.

खाजनकर

मेस्तांनी लिहिलेलं अगदी बरोबर. मी चोडणचा. आमच्या खाजनात (खाडीकाठच्या खारट जमिनीत) अजून एक त्रास आहे, तो इथे नोंदवतो. खारट चिखलात काम झालं की पिना आणि बॉल दोन आठवड्यांत धरतात. लेव्हलिंगचं हँडल तर पार चिकटतं. आम्ही काम संपलं की विहिरीच्या गोड्या पाण्याने सगळं लिंकेज धुतो, सुकलं की हँडलच्या आणि टॉप लिंकच्या आट्यांना ग्रीस. हे रोज होत नाही, पण दोन दिवसांआड तरी करतोच.

लिंच पिना चिखलात हरवतात. त्या जागी खिळा वाकवून घालणारे मी बघितलेत. असं करू नका. खिळा मोडला की आर्म सुटतो, आणि रोटाव्हेटर फिरत असताना एका बाजूने आर्म सुटला तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे सीटखाली डब्यात नेहमी सहा लिंच पिना जास्तीच्या असतात. प्रत्येक पिन बारीक साखळीने आर्मलाच बांधून ठेवली की हरवतच नाही.

चिखलणीला लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखं चाक) लावत असाल तर औजार चढवल्यावर ते सावकाश पूर्ण वर-खाली करून बघा. चेक चेन, म्हणजे आर्मना बाजूला झुलू न देणारी साखळी, सैल असली की आर्म केज व्हीलला घासतो.

मृगधारा

मी पेडण्याची. तिळारीच्या कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे वायंगण आणि पावसाळी अशी दोन्ही पिकं होतात, आणि दोन्ही वेळा औजार मीच जोडते. एकटीच. नवरा बोटीवर असतो, सासऱ्यांना उभं राहवत नाही.

वाळपईकरदादा, ताकद लागते असं समजून बायकांना या कामापासून लांब ठेवतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. सुरुवातीला मीही भांडत होते रोटाव्हेटरशी. मग गोठ्याच्या बाजूला कोबा घालून घेतला आणि त्यावर चुन्याने दोन पट्टे ओढले, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या रुंदीचे. औजार सोडताना त्या पट्ट्यांवर ट्रॅक्टर उभा करायचा आणि तिथेच उतरवायचं. जोडताना परत त्याच पट्ट्यांवरून मागे यायचं. पहिल्याच फटक्यात बॉल पिनेसमोर येतो. टॉप लिंकच्या नळीच्या काठावर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, रोटाव्हेटरसाठी कुठपर्यंत फिरवायचा त्याची. कल्टिव्हेटरसाठी पिवळी खूण.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, विशेषतः ज्यांच्या घरी बायका-मुलं ट्रॅक्टरजवळ वावरतात त्यांना. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं तर त्याच दिवशी नवीन आणा. 540 आरपीएमला शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. ओढणी, लुंगीचा सोगा, पावसाळी कोटाची नाडी, काहीही अडकलं तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. मी ट्रॅक्टरच्या कामाला ओढणी घेतच नाही, केस बांधून टोपी घालते.

डिचोलीचा मेस्त

मृगधाराताई, तुमचे चुन्याचे पट्टे मी आजपासून गिऱ्हाइकांना सांगणार.

आता 'ठक्क'. वाळपईकरबाब, तुमचा शाफ्ट लांब आहे. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. औजार वर-खाली होतं तसं ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर बदलतं. पुष्कळांना वाटतं की औजार पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना अंतर सगळ्यात कमी असतं. तसं नसतं. साधारणपणे शाफ्ट आडवा, ट्रॅक्टरच्या पीटीओच्या समोरासमोर येतो तेव्हा ते सगळ्यात कमी होतं, म्हणजे मधेच कुठेतरी. तुम्ही म्हणता तो आवाज ठरावीक उंचीवर येतो, तो त्यासाठीच. तिथे आतली नळी टेकते आणि पुढे जायला जागा नसल्यामुळे धक्का थेट ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सवर बसतो. असंच चालवत राहिलात तर आधी सील जाईल, मग बेअरिंग.

तपासायचं असं. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक रोटाव्हेटरला लावा. औजार त्या आडव्या जागी आणा, खाली भक्कम टेकू द्या, इंजिन बंद करा आणि दोन्ही भाग एकमेकांच्या शेजारी धरून खूण करा. टेकण्याच्या आधी इंचभर तरी मोकळीक राहिली पाहिजे. आणि औजार सगळ्यात लांब अंतरावर असताना दोन्ही नळ्या एकमेकींत किमान नळीच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर ओझ्याखाली त्या वाकतात. कापायचं झालं तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही कव्हरं सारख्याच मापाने कापा, कडा कानसीने घासा, आतला किस काढा, ग्रीस लावा. परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एकाच रेषेत बघा. एक उभा, एक आडवा असा बसला तर शाफ्ट थरथरतो आणि सांध्यातला क्रॉस लवकर जातो.

पहिल्यांदाच कापत असाल तर एकट्याने करू नका. शाफ्ट घेऊन या, माझ्यासमोर मापं घेऊ. जास्त कापला तर परत जोडता येत नाही.

कुळागरातला

माझा छोटा प्रश्न. माझ्याकडे सीटच्या उजव्या बाजूला दोन लिव्हर आहेत. रोटाव्हेटरला कोणती वापरायची? मी दोन्ही वापरतो आणि खोली सारखी राहत नाही.

खाजनकर

रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल. औजार एकाच उंचीवर राहतं. दुसरी ड्राफ्टची, ती नांगर-कल्टिव्हेटरसाठी. जमीन कठीण लागली, ओढ वाढली की हायड्रॉलिक आपोआप औजार थोडं उचलतं. रोटाव्हेटर लावलाय तेव्हा ड्राफ्टच्या लिव्हरला हातच लावू नका.

यंत्रशास्त्री

मी दापोलीला कृषी अभियांत्रिकी शिकलो, आता फोंड्यात असतो. धागा वाचून राहवलं नाही. वरच्या उत्तरांत मापांचा विषय राहिला आहे आणि तो मिनी ट्रॅक्टरवाल्यांसाठी महत्त्वाचा आहे.

थ्री पॉइंटचे वर्ग ठरलेले आहेत. कॅटेगरी 1 मध्ये खालच्या पिना 22 मिमी जाडीच्या आणि टॉप लिंकची पिन 19 मिमी. कॅटेगरी 2 मध्ये खालच्या 28 मिमी आणि वरची सुमारे 25 मिमी. खालच्या दोन पिनांमधलं अंतरही वर्गानुसार वेगळं, कॅटेगरी 1 ला 68 सेंमीच्या आसपास, 2 ला 82 सेंमीच्या आसपास. त्याशिवाय 1 एन म्हणून अरुंद प्रकार आहे, त्यात हे अंतर 40 सेंमीच. बागेत चालणाऱ्या अरुंद ट्रॅक्टरांना तो असू शकतो. म्हणून शेजाऱ्याचं औजार आणण्यापूर्वी टेप घेऊन तीन मापं बघावीत, खालच्या पिनेची जाडी, वरच्या पिनेची जाडी आणि खालच्या दोन पिनांतलं अंतर. जाडी कमी असेल तर 22 वरून 28 करणारा बुश मिळतो, स्वस्त असतो. बारीक पिन मोठ्या बॉलमध्ये तशीच घातली तर भोक लंबगोल होतं आणि औजार कामात डावी-उजवीकडे हेलपाटतं.

ही रचना आली कशी तेही सांगतो, कारण त्यातून टॉप लिंकचं महत्त्व कळतं. पूर्वी नांगर साखळीने मागे ओढत. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलायचं आणि ट्रॅक्टर चालकावर उलटायचा. हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने नांगर आणि ट्रॅक्टर तीन बिंदूंनी एकजीव केला. 1926 मध्ये त्याला हायड्रॉलिक जोडणीचं ब्रिटिश पेटंट मिळालं, आणि 1939 मध्ये फोर्डबरोबर आलेल्या 9एन ट्रॅक्टरने ती जगभर पोचवली. नांगराला अडथळा आला की टॉप लिंक पुढे ढकलला जातो आणि तोच दाब ट्रॅक्टरचं तोंड खाली धरून ठेवतो. शिवाय औजाराचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. आपले 24 एचपीचे छोटे ट्रॅक्टर नांगर ओढू शकतात ते याच रचनेमुळे.

म्हणून एक कळकळीची विनंती. पडलेला माड किंवा पोफळीचा बुंधा ओढायला साखळी टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नका. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की तीच ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते, आणि ते इतकं झटकन होतं की क्लच दाबायला पाय पोचत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारला बांधून, सावकाश.

डिचोलीचा मेस्त

यंत्रशास्त्रींचा शेवटचा परिच्छेद छापून कुळागरांत वाटावा असा आहे. पावसाळ्यात माड पडले की हा प्रकार सर्रास होतो.

मृगधारा

क्विक हिचबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या मामेभावाने दोडामार्गला लावली आहे. चौकट ट्रॅक्टरला कायमची बसते, मग मागे घेऊन खालून हुक घातले की औजार उचललं जातं, पिना लावायला उतरावं लागत नाही. पण त्याला सगळ्या औजारांच्या मास्टची (टॉप लिंक जोडायच्या उभ्या सांगाड्याची) उंची जुळवून घ्यावी लागली, दोन औजारांना वेल्डिंग करावं लागलं. आणि शाफ्ट अपुरा पडला.

यंत्रशास्त्री

बरोबर निरीक्षण. चौकटीमुळे औजार काही इंच मागे जातं, त्यामुळे शाफ्टची लांबी परत बघावी लागते. चौकटीचं स्वतःचं वजनही असतं. या वर्गातल्या ट्रॅक्टरांची उचलण्याची क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास सांगतात, पण ती आर्मच्या टोकाशी मोजलेली असते. वजन मागे सरकलं की प्रत्यक्ष क्षमता घटते आणि पुढची चाकं हलकी होतात. दिवसातून तीन-चार वेळा औजारं बदलणाऱ्याला क्विक हिच परवडते. वाळपईकर हंगामात दोन-तीनदा बदलत असतील तर चिऱ्यांच्या ओट्यावर खर्च करावा असं माझं मत.

पुढची चाकं हलकी होण्याचा विषय निघालाच आहे तर, मागे रोटाव्हेटर असताना उभा बांध किंवा चढाची वाट चढायची असेल तर शक्यतो उलट, रिव्हर्समध्ये चढा. औजार जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचला आणि पीटीओ बंद ठेवा.

कुळागरातला

पोझिशन कंट्रोलने खोली जमली, धन्यवाद खाजनकर. चेक चेन किती ताणायच्या? माझ्या पूर्ण सैल आहेत.

डिचोलीचा मेस्त

रोटाव्हेटरला जवळजवळ ताठ. हाताने ढकलला तर इंचभर हलला तर हलला, त्याहून जास्त नको, आणि दोन्ही बाजू सारख्या. नांगराला मात्र थोडी सैल हवी, त्याला तासात आपली वाट धरू द्यावी लागते. पण आर्म टायरला लागेल इतकी सैल कधीच नाही. तुम्ही कुळागरात चालवता, पोफळीच्या ओळींतून. तिथे औजार हेलपाटलं तर साल सोलली जाते, म्हणून आजच ताणा.

वाळपईकर (धागाकर्ता)

मंडळी, बारा दिवसांनी लिहितो आहे. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, त्यामुळे काय झालं ते नीट सांगायला हवं.

आंब्याखालची जागा सोडली. गोठ्यामागे जुन्या कुंपणाचे चिरे पडले होते, ते आणून तिघा भावांनी ओटा केला. खाली खडी कुटून घेतली, वर चिरे आणि सांध्यांत सिमेंट. पाणी साचू नये म्हणून कडेने पन्हळ काढली. चुन्याचे पट्टे मृगधाराताईंनी सांगितले तसेच. पहिल्या पावसात चुना वाहून गेला, तेव्हा पांढरा ऑइल पेंट मारला. स्टँड वाळपईच्या वेल्डिंगवाल्याने दोन तासांत करून दिला.

लेव्हलिंगचं हँडल धरलेलंच होतं. डिझेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी लाकडाच्या हातोडीने हलकेच ठोकत फिरवलं. आता एका हाताने फिरतं. एवढं वर्ष ते हँडल तिथे होतं आणि आम्ही पहारीने जीव काढत होतो, हे आठवलं की वाईट वाटतं.

मेस्तबाबांकडे शाफ्ट घेऊन गेलो होतो. ठक्क आवाज येत होता त्या उंचीवर आतली नळी खरोखरच टेकत होती, आतल्या टोकाला चकाकी आली होती. दोन्ही नळ्या दोन-दोन इंच कापल्या. आवाज पूर्ण गेला. ट्रॅक्टरच्या पीटीओच्या सीलकडून तेल पाझरायला लागलं आहे का तेही त्यांनी तपासलं, सुदैवाने नाही.

यंत्रशास्त्रींनी सांगितलेली मापं घेतली आणि एक उलगडा झाला. शेजाऱ्यांचा कल्टिव्हेटर आम्ही आणतो, त्याला 22 च्या पिना आहेत आणि आमच्या बॉलचं भोक 28 ला बसणारं. गेल्या हंगामात तो नेहमी एका बाजूला जायचा, आम्ही चालवणाऱ्याला बोलायचो. धाकट्या भावालाच. त्याची माफी मागितली. बुश आणले.

काल सकाळी पहिल्यांदा चिखलणीला गेलो. धाकट्याने एकट्याने रोटाव्हेटर जोडला. बोटाला अजून पट्टी आहे, म्हणून मी शेजारी उभा होतो, पण हात लावला नाही. डावा, हँडल, उजवा, टॉप लिंक, शाफ्ट. घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं. वडील पायरीवर बसून चहा पीत होते. उठले नाहीत, याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही.

एकच अडचण राहिली आहे. औजार उचललं की उजवी बाजू थोडी खाली दिसते. कामात एका बाजूला जास्त खोल जातं.

डिचोलीचा मेस्त

जोडायच्या वेळी हँडल फिरवलंत, ते जोडल्यावर परत जागेवर आणायचं राहिलं. ओट्यावरच औजार वीतभर उचला, इंजिन बंद करा, मागून लांबून बघा. खाली वाकायचं नाही, हात घालायचा नाही. मग औजार टेकवून हँडल एक-दोन वेढे फिरवा, परत उचलून बघा. दोन्ही बाजू सारख्या आल्या की त्या दांडीच्या आट्यांवर रंगाची खूण करून ठेवा. पुढच्या वेळी जोडून झालं की सरळ खुणेवर आणायचं.

त्यानंतर टॉप लिंक. काम करताना गिअरबॉक्स सपाट दिसला पाहिजे. मागची फळी हवेत राहत असेल तर टॉप लिंक थोडा लांब करा, पुढून उचललेला दिसला तर आखूड.

वाळपईकर

समजलं. आज संध्याकाळी करतो. मृगधाराताई, तुम्ही कल्टिव्हेटरसाठी पिवळी खूण करता म्हणालात, तो रंग पावसात टिकतो का?

मृगधारा

टिकतो दादा, पण आधी ग्रीस पेट्रोलने पुसून घ्यायचं आणि खूण आट्यांवर न करता नळीच्या काठावर करायची. आट्यांवरची माझी पहिल्याच वर्षी घासून गेली. आणि भावाला सांगा, पट्टी सुटेपर्यंत हातमोजे घालू नको. सैल मोजा पिनेत अडकतो.